घाट, मळे आणि मैदान : नाशिकच्या तीन सायकलवाटा

डिसेंबरातील एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास नाशिकच्या रस्त्यांवर एक निराळीच वर्दळ दिसते. दूधवाले आणि वृत्तपत्रविक्रेते यांच्या जोडीला डोक्यावर हेल्मेट, कानांवर लोकरी पट्टी आणि मागे लुकलुकणारा तांबडा दिवा लावलेली सायकल अशी मंडळी चौकाचौकांत गोळा होत असतात. त्यांत डॉक्टर असतात, बँकेतील कर्मचारी असतात, दुकानदार असतात, शिक्षिका असतात, महाविद्यालयीन मुले असतात आणि साठी ओलांडलेले निवृत्त गृहस्थही असतात. चहाचा एक घोट, चाकातील हवेची एक चाचपणी, आणि सहा वाजण्याच्या आत ही मंडळी तीन दिशांना पांगतात. कोणी पेठ रस्त्याने घाटाकडे निघते, कोणी दिंडोरी रस्त्याने द्राक्षमळ्यांकडे, तर कोणी सायखेड्यावरून निफाडच्या सपाटीकडे.

द्राक्षमळे, मैदाने आणि डोंगरखिंडी यांतून जाणाऱ्या सायकलवाटा म्हटल्या की फ्रान्स किंवा इटलीची चित्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु या तिन्ही गोष्टी एका शहराच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात सापडाव्यात, हे भाग्य नाशिककरांच्या वाट्याला आले आहे. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतावे, एवढ्या अंतरात सह्याद्रीचा कडा आहे, द्राक्षांचे मांडव आहेत आणि गोदावरीचे काळेभोर खोरेही आहे.

एक शहर, तीन प्रदेश

या विविधतेचे कारण नाशिकच्या जागेत दडलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठाराच्या अगदी पश्चिम काठावर हे शहर वसले आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, उत्तरेला तिच्यातून पूर्वेकडे फुटलेली सातमाळ रांग आणि पूर्वेला उतरत जाणारे गोदावरीचे खोरे अशी ही रचना आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला थडकतात आणि तेथेच मोकळे होतात. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो, आणि निफाड-येवल्याकडे पाचशे-सहाशेवर थांबतो. एका जिल्ह्यातील हे अंतर मोटारीला दीड-दोन तासांचे आहे. मोटारीच्या काचा बंद असल्या तर ते जाणवतही नाही.

सायकलस्वाराला मात्र ते अंगावर जाणवते. हवेतील ओल कमी होते, मातीचा रंग बदलतो, भाताची खाचरे मागे पडून द्राक्षांचे खांब सुरू होतात आणि त्यांच्याही पुढे कांद्याची रोपे व उसाचे फड लागतात. तासाला वीस किलोमीटर हा वेग मोठा विलक्षण आहे. पायी चालणाऱ्याला एका दिवसात तीन प्रदेश दिसत नाहीत आणि मोटारीतील प्रवाशाला त्यांतील एकही नीट दिसत नाही. सायकलीवरून तीनही दिसतात, आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नातेही दिसू लागते. हे नाते पाण्याचे आहे, तसेच ते माणसांचेही आहे. म्हणून या वाटांचा क्रम पाण्याच्या क्रमाने, डोंगराकडून मैदानाकडे लावणे उचित ठरेल.

पहिली वाट : सावळघाट

नाशिकहून पेठ सुमारे ५५ किलोमीटर आहे. रासेगाव, उमराळे ही गावे मागे पडेपर्यंत रस्ता हलक्या चढउतारांचा असतो. त्यानंतर डोंगर जवळ येऊ लागतात आणि सावळघाटाची वळणे सुरू होतात. पुढे करंजाळी ओलांडल्यावर पेठच्या अलीकडे कोटंबीचा घाट लागतो. जाताना उताराचा वाटा अधिक आणि परतताना त्याची परतफेड चढाने करावयाची, असा या वाटेचा हिशेब आहे. म्हणून जाणकार सायकलस्वार जाताना पायांत बळ राखून ठेवतात.

घाट चढण्याची एक रीत आहे. नवखा सायकलस्वार चढण दिसताच जोर लावतो आणि दुसऱ्या वळणावर धापा टाकत उतरतो. अनुभवी स्वार चढण सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घेतो, पेडलच्या फेऱ्या एका लयीत ठेवतो आणि नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरांवर स्थिर करतो. माथा किती दूर आहे हे तो वारंवार पाहत नाही. उतारावरची रीत याच्या उलट आहे. तेथे बळ लागत नाही, संयम लागतो. ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची कड किंवा डिस्क तापते. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सैल सोडावा, असा दंडक आहे. घाटात होणारे बहुतेक अपघात चढावर होत नाहीत, उतारावर होतात.

या वाटेवर सायकलस्वार नकळत एक मोठी सीमा ओलांडतो. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब ओढ्यानाल्यांतून गोदावरीला मिळतो आणि १,४०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. त्याच माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब दमणगंगेच्या वाटेने अल्पावधीत अरबी समुद्र गाठतो. गोदावरी ज्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेथून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी पूर्वेच्या तुटीच्या खोऱ्यांत वळवावे, ही चर्चा नाशिक जिल्ह्यात अनेक वर्षे चालू आहे. नकाशावर ती रेघांची चर्चा वाटते. घाटातील एका वळणावर पाण्याची बाटली तोंडाला लावून दोन्हीकडचे उतार पाहिले की तिचा अर्थ डोळ्यांना कळतो.

पेठ आणि सुरगाणा हा आदिवासी मुलूख आहे. उतारावरील खाचरांत भात, त्याहून उंच वरकस जमिनीवर नागली आणि वरई. पावसाळ्यात येथे हिरव्या रंगाच्या किती छटा असतात, याची मोजदाद करणे कठीण. मात्र तोच सायकलस्वार एप्रिलमध्ये याच रस्त्याने गेला, तर त्याला डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन दूरच्या विहिरीकडे निघालेल्या स्त्रिया दिसतात. जिल्ह्यात पाऊस सर्वांत जास्त जेथे पडतो, त्याच पट्ट्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. तीव्र उतारावर आणि काळ्या बेसाल्ट खडकावर पाणी ठरत नाही. ते खाली निघून जाते.

खाली केवळ पाणी जाते असे नाही. भाताची कापणी आटोपली की येथील अनेक कुटुंबे रोजगारासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे उतरतात. पहाटे घाटाकडे निघालेल्या सायकलस्वाराला समोरून मजुरांनी भरलेल्या पिकअप गाड्या येताना दिसतात. ही माणसे कोणत्या कामाला निघाली आहेत, याचे उत्तर दुसऱ्या वाटेवर मिळते.

दुसरी वाट : दिंडोरी ते वणी

दिंडोरी रस्ता नाशिककर सायकलस्वारांचा विशेष लाडका. पंचवटी ओलांडून म्हसरूळ येते. येथील टेकडीत कोरलेली लेणी म्हणजेच गजपंथा हे सिद्धक्षेत्र. सात बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून दिगंबर परंपरेत त्याची ख्याती आहे. सायकल पायथ्याशी ठेवून पायऱ्या चढून दर्शन घ्यावे आणि खाली उतरून पुन्हा पेडल मारावे, असा परिपाठ ठेवणारे अनेक स्वार आहेत. माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले म्हणजे पुढचा सारा रस्ता आणि दूरवरची सातमाळ रांग दृष्टीस पडते.

नाशिकहून दिंडोरी सुमारे २५ किलोमीटर आणि तेथून वणी आणखी सुमारे २० किलोमीटर. दिंडोरीच्या अलीकडून उजवीकडे जानोरी, मोहाडी आणि ओझर या गावांकडे जाणारे अरुंद रस्ते फुटतात. खऱ्या अर्थाने द्राक्षांचा मुलूख पाहावयाचा, तर तो या गावरस्त्यांवरूनच पाहावा. दोन्ही बाजूंना मळे, मध्ये जेमतेम एक वाहन जाईल एवढी डांबरी पट्टी, आणि पहाटेच्या गारव्यात ओल्या मातीचा दरवळ.

सायकलस्वाराच्या डोळ्याला येथे दोन प्रकारचे मळे ओळखू येऊ लागतात. माणूस खालून चालत जाईल एवढ्या उंचीवर तारांचे मांडव किंवा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे लोखंडी खांब असतील, तर ती खाण्याची द्राक्षे. थॉमसन, सोनाका, शरद अशी त्यांची नावे. याउलट कमरेइतक्या उंचीवर, ओळीने उभ्या भिंतीसारखी वाढविलेली वेल असेल, तर ती वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांची. वाइनमुळे नाशिकचे नाव अलीकडे दूरवर गेले असले, तरी येथील द्राक्षशेतीचा फार मोठा भाग खाण्याच्या द्राक्षांचाच आहे. जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचे वर्ष त्याच मांडवाखाली उभे राहते किंवा कोसळते.

एकाच वाटेने वर्षभर सायकल चालविणाऱ्याला हे वर्ष पानापानाने वाचता येते. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तेव्हा मळा उघडाबोडका होतो, ओलांड्यावर फक्त खुंट उरतात, आणि पुढील हंगामाचे घड ज्यांवर यायचे त्या काड्या तयार होऊ लागतात. ऑक्टोबरमध्ये होते ती गोडी छाटणी. तिच्यानंतर फूट येते, फुलोरा येतो, मणी धरतात आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणी चालते. गोडी छाटणीनंतरचे दोन महिने सर्वांत नाजूक. याच काळात अवेळी पाऊस आला, तर डावणी रोग फुलोऱ्यावर पडतो आणि कोवळे घड कुजून गळतात. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर मणी तडकतात. आधीच्या रविवारी डौलदार दिसणारा मळा पुढच्या रविवारी मान टाकून उभा दिसावा, असे प्रसंग नियमित सायकलस्वारांनी पाहिलेले आहेत.

या मळ्यांतच पेठ-सुरगाण्याच्या माणसांचा उलगडा होतो. नको असलेले फुटवे काढणे, घडांची विरळणी करणे, प्रत्येक घड औषधाच्या द्रावणात बुडविणे, कात्रीने तोडून पेटीत निगुतीने मांडणे ही सारी कामे हातांची आहेत. एका मळ्यात हजारो घड असतात आणि त्यांतील प्रत्येकाला हंगामात अनेकदा माणसाचा हात लागतो. ते हात बहुतांशी घाटावरून उतरून आलेल्या स्त्री-पुरुषांचे असतात. मळ्याच्या कडेला दिसणाऱ्या तात्पुरत्या पालांतून सकाळी धूर निघत असतो आणि एखादे मूल सायकलींच्या रांगेकडे कुतूहलाने पाहत उभे असते.

या व्यवसायाने मोठे धडेही घेतले आहेत. २०१० साली युरोपात पाठविलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळला आणि माल नाकारला गेला. अनेक उत्पादक कर्जात बुडाले. त्यानंतर निर्यातीच्या मळ्यांत औषधांच्या नोंदी आणि उर्वरित अंशांची तपासणी यांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. मोहाडीतील ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी याच दशकात उभी राहिली आणि द्राक्ष निर्यातीत देशातील अग्रगण्य ठरली. तिच्या परिसरावरून सायकल जाताना पेट्यांनी भरलेले ट्रक दिसतात; त्यांतील द्राक्षे काही आठवड्यांत युरोपातील दुकानांत असतात.

पाण्याचीही येथे एक सुंदर गोष्ट आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकावरील ओझरपर्यंत पुरेसे पोहोचत नसे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रेरणेने तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी वेळेवर भरावयाची आणि वाटप आपसांत ठरवावयाचे, हा त्यांचा नेम. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आले. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा राज्याचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी ओझरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखविले होते. रस्त्याच्या कडेने वाहणारा तो लहानसा पाट सायकलवरून पाहताना सामान्यच वाटतो. पण मर्यादित पाणी टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे ज्याने पहिली वाट पाहिली आहे त्याला समजते.

ज्यांच्या पायांत आणखी बळ आहे, ते वणीहून नांदुरी गाठतात. नांदुरीपासून सप्तशृंग गडापर्यंतचा सुमारे १० किलोमीटरचा घाट ही नाशिकच्या सायकलस्वारांची खरी परीक्षा मानली जाते. त्याहून लांबचा पल्ला घेणारे कळवण, सटाणा, ताहाराबाद असा प्रवास करीत मांगीतुंगीच्या पायथ्याशी मुक्कामाला जातात. या दुहेरी सुळक्यांच्या परिसरात अखंड पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती असून २०१६ च्या फेब्रुवारीत तिची प्रतिष्ठापना झाली. वाटेत बागलाणातील पूर्वहंगामी द्राक्षांचे मळे लागतात. इतरांच्या आधी बाजारात माल नेण्यासाठी येथील शेतकरी भर पावसाळ्यात छाटणी करतात. भाव चांगला मिळतो आणि धोकाही तेवढाच मोठा असतो.

तिसरी वाट : निफाडची सपाटी

तिसरी वाट दिसण्यास सर्वांत सोपी. नाशिकहून सायखेडा, चांदोरीमार्गे निफाड सुमारे ४० किलोमीटर आहे. चढ जवळजवळ नाही. गोदावरी कधी उजवीकडे, कधी डावीकडे सोबत करते. चांदोरीला नदीपात्रातील जुनी मंदिरे पाणी ओसरले म्हणजे दिसतात. पुराच्या वर्षी सायखेडा आणि चांदोरी ही गावे प्रथम पाण्याखाली जातात, हे या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते.

सपाटीवर सायकल चालविणे सोपे, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. घाटात चढ संपला की उतार मिळतो. मैदानात वारा समोरून असला तर विसावा कोठेच नाही. अशा वेळी सायकलस्वार एकामागे एक रांग धरतात. पुढचा वारा अडवतो, मागच्यांचे श्रम कमी होतात, आणि काही मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो. पुढे राहण्याची पाळी प्रत्येकावर येते. ज्याच्यात बळ जास्त, तो थोडा अधिक वेळ पुढे राहतो. या शिस्तीने चालणारा दहा जणांचा गट एकट्या दमदार स्वारापेक्षा लवकर आणि कमी थकून पोहोचतो.

निफाड थंडीसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत त्याचे नाव हटकून असते. पहाटे सहा वाजता हातमोज्यांतही बोटे बधिर होतात आणि त्याच वेळी शेजारच्या मळ्यांत जागोजागी धुराचे लोट दिसतात. द्राक्षघडांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून शेतकऱ्याने रात्रभर पेटविलेल्या त्या शेकोट्या असतात. पारा चार-पाच अंशांवर आला की मण्यांची वाढ खुंटते, आणि पिकत आलेले मणी तडकू लागतात. शहरातून हौसेने गारठा अनुभवायला आलेला सायकलस्वार आणि त्याच गारठ्याशी झुंजत जागा राहिलेला शेतकरी अशी दोन माणसे त्या धुक्यात एकमेकांना भेटतात. बहुधा शेतकरीच आधी हात हलवतो, आणि कित्येकदा शेकोटीजवळ बोलावून चहाही देतो.

निफाडच्या पुढे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमधमेश्वर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा बांधण्यात आला आणि त्याच्या कालव्यांनी पुढचा अवर्षणप्रवण मुलूख भिजू लागला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाण्याची बेटे निर्माण झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरू लागले. जांभळ्या पाणकोंबड्या, चमचे, चित्रबलाक, नाना जातींची बदके आणि कधी रोहित पक्षी येथे दिसतात. २०२० च्या आरंभी या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. हा मान मिळविणारी ती महाराष्ट्रातील पहिलीच जागा. माणसाने शेतीसाठी अडविलेले पाणी हजारो मैलांवरून आलेल्या जीवांचे आश्रयस्थान झाले. सायकलचा आवाज नसल्याने बंधाऱ्याच्या रस्त्यावर पक्षी बिचकून उडत नाहीत, हा सायकलस्वाराचा येथील विशेष लाभ.

येथून लासलगावचा प्रसिद्ध कांदाबाजार पाहून उत्तरेकडे वळले की सपाटीचा शेवट सातमाळेच्या पायथ्याशी, चांदवडला होतो. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, डोंगरातील जैन लेणी आणि १९२८ पासून शिक्षणकार्य करणारे नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम यांमुळे हे गाव अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. पुढे महामार्गावर राहूड घाट लागतो. मैदानाला पुन्हा डोंगर भेटतो आणि वर्तुळ पूर्ण होते.

क्रमांकाविना प्रवास

नाशिकमध्ये सायकलीची आवड रुजविण्यात काही असामान्य स्वारांचा वाटा मोठा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने पार केली.

परंतु सामान्य सायकलस्वारांना अधिक जवळचा वाटतो तो ‘ब्रेव्हे’ हा प्रकार. यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावयाचे असतात. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. सर्वांत आधी पोहोचणारा आणि वेळ संपण्यापूर्वी अखेरच्या मिनिटाला पोहोचणारा, दोघांची नोंद सारखीच होते. वाटेत सायकल नादुरुस्त झाली तर स्वतःच दुरुस्त करावी, तहानभूक स्वतःच सांभाळावी, आणि सोबतच्याला अडचण आली तर थांबावे, असा या प्रवासाचा शिरस्ता आहे. चाळिशी-पन्नाशीत सायकल हाती घेणाऱ्या अनेकांना हा प्रकार भावतो, कारण यात स्पर्धा दुसऱ्याशी नसते. नाशिकहून पंढरपूरला जाणारी वार्षिक सायकलवारीही याच वृत्तीची.

वाटेला लागण्यापूर्वी

या वाटांवर जाण्यासाठी महागडी सायकल असलीच पाहिजे असे नाही. गावरस्त्यांवरील खड्डे लक्षात घेता अगदी अरुंद टायरपेक्षा २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर सोयीचे पडतात. घाटासाठी मात्र हलके गिअर असावेत. चढावर गुडघ्यांवर येणारा ताण त्यांनी पुष्कळ कमी होतो. आसनाची उंची अशी हवी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. हेल्मेट, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा, एक जादा ट्यूब, पंप आणि दोन बाटल्या पाणी यांवाचून निघू नये.

मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसारा घाट अवजड वाहनांमुळे हौशी स्वारांनी टाळलेला बरा. हंगामात निफाडकडे उसाच्या ट्रॉल्या आणि लासलगावकडे कांद्याचे ट्रॅक्टर असतात. त्यांच्या मागे सुरक्षित अंतर ठेवावे. पावसाळ्यात घाटात धुके आणि शेवाळ दोन्ही असतात. मळ्यांत फवारणी चालू असेल तर तेथे न थांबता पुढे जावे. मालकाच्या परवानगीवाचून मळ्यात शिरू नये आणि घडाला हात लावू नये. एका घडामागे किती दिवसांचे श्रम असतात, हे वर आलेच आहे.

आहार साधा असावा. खजूर, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी एवढ्यावर शंभर किलोमीटरचा प्रवास सुखाने होतो. सूर्योदयाला निघून सूर्यास्तापूर्वी परतणे रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी श्रेयस्कर. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना तर हे वेळापत्रक आयतेच जुळणारे आहे.

प्रथमच निघणाऱ्या कुटुंबाने थेट घाटाचा विचार करू नये. पहिल्या रविवारी म्हसरूळपर्यंत जावे, दुसऱ्या रविवारी गंगापूर धरणाकडे गिरणारे गावापर्यंत. दोन महिन्यांत दिंडोरी जवळची वाटू लागते. मुलांना सोबत घ्यावे आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. हे खांब कशासाठी, हा धूर कशाचा, ही माणसे कोठून आली, हा पाट कोठून वाहतो, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात असतातच; पण पाटाच्या काठावर सायकल टेकवून ऐकलेले उत्तर मूल विसरत नाही.

फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर जानोरी किंवा पिंपळगावच्या रस्त्याकडेला शेतकरी द्राक्षांच्या पाट्या मांडून बसलेले असतात. पाठीवरच्या पिशवीत एक-दोन किलो सहज मावतात. घरी आल्यावर ती धुऊन ताटात मांडली जातात आणि घरातील लहानथोर भोवती बसतात. ज्याने त्या वर्षी तिन्ही वाटा पाहिल्या आहेत, त्याला त्या ताटात घाटावरचा पाऊस आठवतो, करंजाळीकडून पहाटे उतरणाऱ्या गाड्या आठवतात, निफाडच्या शेकोट्या आठवतात. मग भाव करताना पाच-दहा रुपयांसाठी ताणून धरण्याचे त्याच्या मनातही येत नाही.